काकेरूच्या मागे लागून

नागोयाच्या वॉर्ड ऑफिसात मी नंबराची चिठ्ठी हातात धरून उभी होते. जपानात नव्या पत्त्यावर राहायला गेलं की १४ दिवसांच्या आत तो पत्ता नोंदवावा लागतो, आणि माझा तो दहावा दिवस होता. नागोयात १६ वॉर्ड, प्रत्येकाचं ऑफिस वेगळं. आपलं कोणतं हे शोधण्यातच माझी अर्धी सकाळ गेली होती. खिडकीमागच्या बाईंनी कागद घेतले, चाळले, एका ट्रेमध्ये ठेवले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ओकाके नि नात्ते ओमाची कुदासाई."

मी पर्समधून फोन काढला.

का काढला ते सांगते. दोनच दिवसांपूर्वी गॅसची जोडणी मागायला फोन लावताना माझा एक आकडा चुकला होता. पलीकडून ठरलेल्या सुरातला आवाज आला होता, "ओकाके नि नात्ता देन्वा बांगो वा, गेन्झाई त्सुकावारेते ओरिमासेन." आपण लावलेला दूरध्वनी क्रमांक सध्या वापरात नाही. जपानात येऊन आपोआप कळलेलं ते माझं पहिलं लांबलचक वाक्य. त्या आनंदात मी मनाशी पक्कं करून टाकलं की 'ओकाके नि नारू' म्हणजे आदरानं 'फोन लावणे'. आता ह्या बाई म्हणत होत्या, फोन लावून थांबा.

कुणाला लावू? बाई माझ्याकडे बघत होत्या, मी फोनकडे. शेवटी त्या काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, भिंतीकडेच्या खुर्चीपाशी गेल्या आणि स्वतः बसून दाखवलं.

बसा आणि थांबा. एवढंच म्हणणं होतं.

खुर्चीवर बसल्या बसल्या मला जे वाटलं ते लाज आणि चिडचीड ह्यांच्या मधलं काहीतरी होतं. कारण काकेरू, म्हणजे त्या 'ओकाके'मागचं मूळ क्रियापद, मला येत होतं. पुण्यात तीन वर्षं क्लास केला होता, पाठ होतं ते.

पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आमच्या वर्गात आयटीतली मुलं होती, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले इंजिनिअर होते, आणि निवृत्तीनंतर डोकं चालू राहावं म्हणून येणारे दोन काका होते. 'काकेरू' हा शब्द फळ्यावर पडला त्या दिवशी त्यांतले एक म्हणाले, "म्हणजे काकांचं लेकरू." तेव्हापासून वर्गात तो शब्द कुणीही गंभीरपणे उच्चारला नाही. पहिल्यांदा तो आला फोनसाठी, 'देन्वा ओ काकेरू'. मग आला चष्म्यासाठी. सेन्सेई सांगत होत्या, अंगात घालायचं ते 'किरू', पायांतून वर चढवायचं ते 'हाकू', डोक्यावर ठेवायचं ते 'काबुरू' आणि चष्मा मात्र 'काकेरू'. मागच्या बाकावरून कुरकुर झाली की एका 'घालणे'साठी एवढी क्रियापदं कशाला? सेन्सेई मराठीच. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरी साडी घालतात का?" सगळे गप्प. साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, कुंकू लावतात. त्यानंतर कपड्यांबद्दल कुणी तक्रार केली नाही.

काकेरूची तक्रार मात्र राहिलीच, कारण ते कपड्यांवर थांबलं नाही. पुढच्या दोन वर्षांत दर चार-सहा धड्यांनी ते नवं काम घेऊन यायचं. कोट खुंटीला टांगायचा, काकेरू. भातावर आमटीसारखं काही ओतायचं, काकेरू. कुलूप, काकेरू. पांघरूण, काकेरू. इस्त्री, काकेरू. गाणी वाजवायची, काकेरू. गुणाकार करायचा तरी काकेरू: दोन काकेरू तीन म्हणजे सहा. माझ्याकडचा शब्दकोश इंग्रजीतून अर्थ देणारा, आणि त्यातली ह्या शब्दाची रांग बघून छाती दडपायची. प्रत्येक अर्थापुढे वेगळं इंग्रजी क्रियापद, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. मी वहीत यादी केली आणि पाढ्यांसारखी घोकली. जपानी भाषेच्या परीक्षेला ते पुरतं. जुलै किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जायचं, चार पर्यायांतला एक गोल पेन्सिलनं काळा करायचा. तोंड उघडायचं कामच नाही, ह्या परीक्षेत बोलण्याचा भाग नसतोच. तिची एन३ ही मधली पातळी मी अशी तोंड मिटून पास झाले आणि त्याच कागदावर नागोयाजवळच्या एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामाला लागले. आम्ही गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवतो.

कारखान्यात काकेरू सकाळी आठ वाजता सुरू व्हायचं. फोर्कलिफ्टचं इंजिन काकेरू. ब्रेक काकेरू. दाब काकेरू. कडेला कानस काकेरू. आमचे हानचो, म्हणजे गटप्रमुख, साठीला आलेले, कमी बोलणारे. ते अर्धी वाक्यं 'काकेते' ह्या एका शब्दात संपवायचे आणि हातानं कुठल्या तरी मशीनकडे खूण करायचे. मी आधी हात बघायचे, मग शब्द ऐकायचे.

एकदा मात्र हाताकडे बघूनही घोटाळा झाला. मी तपासून बाजूला ठेवलेल्या भागांतला एक त्यांनी उचलला, त्याच्या कोपऱ्यावर नख टेकवलं आणि म्हणाले, "कोको, काकेतेरू." इथे काकेलेलं आहे. मी अभिमानानं म्हटलं, "हाई, वाताशी देसु." हो, मीच. गंजू नये म्हणून त्या भागावर तेल मीच लावलं होतं, आणि मला वाटलं ते तेलाचं कौतुक करताहेत. हानचोंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग तो भाग उलटा करून दिव्याखाली धरला. कोपऱ्याचा टवका उडाला होता.

हे काकेरू वेगळंच होतं, चेहऱ्यानं जुळं पण नात्यानं परकं. त्याचा अर्थ टवका उडणे, काहीतरी कमी असणे. पौर्णिमेनंतर चंद्र कमी होतो तेव्हाही हेच. कारखान्यात तर 'काके' हा दोषाचा एक प्रकारच आहे: किझु म्हणजे ओरखडा, बारी म्हणजे धारेला राहिलेली धातूची खरखरीत कड, काके म्हणजे टवका. फरक कळतो तो सुरावरून. टांगायच्या काकेरूत 'के'नंतर आवाज खाली उतरतो, टवक्याच्या काकेरूत तो वर जाऊन तसाच सपाट राहतो. पुण्यात आम्हाला हे सांगितलं नव्हतं असं नाही, पण आम्ही सगळंच वाक्य एका मराठी चालीत म्हणत होतो, तिथे एका शब्दाच्या उताराचं कौतुक कुणाला. टवका मी उडवला नव्हता, पण जबाबदारी मी सगळ्यांसमोर घेतली होती. तो दिवस तसाच गेला.

त्या संध्याकाळी मी जुनी यादी फाडली आणि नव्या वहीत ऐकलेली वाक्यं लिहायला लागले. अर्थ नाही, फक्त वाक्य आणि त्या वेळी कोण काय करत होतं. महिनाभरात चाळीसेक वाक्यं झाली. त्यांतून काही उमगलं असं मात्र म्हणता येणार नाही. दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखी ती वही नुसती वाढत होती.

आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की सांगलीत साडेपाच. आईशी बोलायची वेळ ती. एका रविवारी तिनं फोन उचलला तोच घाईत. "थांब गं, चष्मा लावू दे, तुझं तोंडच दिसत नाही मला. अहो, ती गाणी जरा बारीक लावा! हं, बोल. नाहीतर असं कर, तू ठेव, मी कुकर लावते आणि मीच लावते तुला फोन."

ती फोन ठेवून गेली. वही समोरच उघडी होती आणि तिच्यात माझ्याच अक्षरात चष्मा होता, गाणी होती, फोन होता. कुकर नव्हता, पण 'भांडं विस्तवाला काकेरू' होतं. मी आईच्या फोनची वाट न बघता पेन उचललं. कुलूप लावणे. गजर लावणे. ब्रेक लावणे. सापळा लावणे. कर लावणे. पैज लावणे. प्राण पणाला लावणे, 'इनोची ओ काकेरू', हे तर शब्दाला शब्द. ज्या यादीपुढे इंग्रजीची वीस क्रियापदं रांगेत उभी राहिली होती, तिच्यातल्या निम्म्याअधिक ओळींना एकटं 'लावणे' पुरत होतं. हे क्रियापद माझ्या तोंडात जन्मापासून होतं, आणि मी तीन वर्षं दोन परक्या भाषांच्या मधे हेलपाटे घालत होते.

आईचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. "किती वेळ लावतेस!" ती दुसऱ्या खेपेला म्हणाली. तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जोडीदारही सापडला. जपानीत पुष्कळ क्रियापदं जोडीनं राहतात, एक आपसूक होणारं, दुसरं कुणीतरी करणारं. आपल्याकडे पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, तसंच. काकेरूचा आपसूक जोडीदार 'काकारू'. 'जिकान गा काकारू' हे वाक्य मी क्लासच्या पहिल्या वर्षी शिकले होते आणि त्याचा काकेरूशी संबंध आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं. वेळ लागतो. पैसे लागतात, 'ओकाने गा काकारू'. ब्रेक लागतो. मासा गळाला लागतो. सरकार कर लावतं म्हणून आपल्याला कर लागतो. जपानात खाण्याच्या जिनसांवर ८ टक्के आणि इतरांवर १० टक्के, आणि पावतीवर दोन्ही वेगळे छापलेले असतात. लागणे-लावणे, काकारू-काकेरू. मी हे जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या लखनौच्या मुलाला इतक्या उत्साहात सांगितलं की त्याचा घास हातातच राहिला. तो शांतपणे म्हणाला, "हाँ, लगना-लगाना." शोध माझा एकटीचा नव्हता तर. तरी आनंद कमी झाला नाही, आणि त्यानंतरचे दोन आठवडे मी काकेरूचा जो सढळ वापर केला त्यावरून तो कमी झाला असता तर बरं झालं असतं.

कारण मी आता सगळंच लावायला लागले. हात कोरडे पडतात म्हणून एका सहकारी बाईंना सांगायचं होतं की रोज क्रीम लावते. म्हणाले, "कुरीमु ओ काकेरू." त्यांनी डोळे मोठे केले. त्यांच्यासमोर चित्र उभं राहिलं असणार ते हातावर पेलाभर मलई ओतणाऱ्या बाईचं. संध्याकाळच्या बैठकीआधी नव्या मुलाला म्हटलं, सभेच्या खोलीतला दिवा लाव, "देन्की काकेते." तो जागचा हलेना. पाठदुखीनं बेजार असलेले आमचे एक सहकारी कोपऱ्यातून म्हणाले, "ते माझ्या पाठीला दर शनिवारी करतात, दवाखान्यात." 'देन्की ओ काकेरू' म्हणजे विजेचा शेक देणे. दिवा लावायचा तर 'त्सुकेरू'.

आणि गाडी. गाडी लावणे म्हणजे आपल्याकडे ती उभी करणे, 'जागा मिळाली का लावायला?' इथे इंजिन काकेरू म्हणजे ती चालू करणे. एकाच क्रियापदानं एकीकडे गाडी थांबते आणि दुसरीकडे निघते. (गाडी लागणे हे तर आणखी तिसरंच. घाटात आपल्याला गाडी लागते. जपानी माणसाला ती चढते, तिथे दारूचंच क्रियापद वापरतात.) इस्त्रीही लावत नाही आपण, करतो किंवा फिरवतो. कानस मारतो. मुळात 'लावणे' हे ह्या कुलपाची किल्ली नव्हतं. फार तर त्याच्या बाजूनं किलकिलं झालेलं दार होतं.

उरलेलं दार एका बाटलीनं उघडलं. नागोयात लाल मिसोचा, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याचा, नाद विचारू नका. डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कटलेटवर तो, उकडलेल्या मुळ्यावर तो, काकडीबरोबर तो. इथल्या कुठल्याही दुकानात गोडसर मिसोची दाबून काढायची एक बाटली मिळते, तिचं नावच 'त्सुकेते मिसो, काकेते मिसो'. मिसो हा पदार्थ झालाच, पण लाडात येऊन बोलताना 'करून बघ' ह्याच्या शेवटीही 'मिसो' लागतं. म्हणजे नाव असं झालं: त्सुकेरू करून बघ, काकेरू करून बघ. माझी घरमालकीण आजी खालच्या मजल्यावर राहते, पंच्याहत्तरीच्या पुढची, आणि दर पंधरा दिवसांनी मला जेवायला बोलावते. त्या दिवशी तिनं ती बाटली कटलेटच्या वर, चांगली वीतभर उंच धरली आणि वरून मिसोची धार सोडली. काकेरू. मग एका वाटीत थोडा मिसो काढला आणि काकडीचा तुकडा त्यात टेकवून वर उचलला. त्सुकेरू.

मी तिला दोन्ही पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिला वाटलं मला आणखी हवंय.

काकेरूत काहीतरी वरून येतं आणि दुसऱ्यावर आपला भार टाकतं. कोट खुंटीवर, चष्मा कानांवर, पांघरूण अंगावर, धार कटलेटवर. त्सुकेरूत दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात. आपलं लागणे ज्या 'लग्' धातूवरून आलं त्याचा मूळ अर्थ चिकटणे. लग्न हा शब्दही तिथलाच. म्हणजे आपल्या क्रियापदाच्या पोटात डिंक आहे आणि त्यांच्या क्रियापदाच्या पोटात टांगायचा आकडा. क्रीम, टिकली, दिव्याची वात, डिंकाच्या बाजूच्या ह्या गोष्टी आपण लावतो आणि ते त्सुकेरू करतात, नाहीतर त्यांच्यासाठी आणखी वेगळं क्रियापद काढतात. कुलूप, चष्मा, फोन ह्यांच्यावर दोघांचा दावा चालतो. इस्त्री कपड्यावर भार टाकत फिरते, कानस लोखंडावर. ते फक्त त्यांचं. वॉर्ड ऑफिसातलं बसणंही मग आपोआप जागेवर बसलं. ते मुळात 'कोशी ओ काकेरू', कंबर टांगणे. खुर्चीच्या काठावर कंबरेचा भार टाकायचा, पाय खाली सोडायचे. जमिनीवर मांडी घालून बसलं तर हे क्रियापद चालत नाही. त्या बाई मला इतकंच म्हणत होत्या की, टेका जरा.

गुणाकार मात्र कशातच बसला नाही. तो मी सोडून दिला.

आजीकडेच आणखी एक गोष्ट शिकले, आणि शब्दकोशानं ती मला कधी सांगितली नसती. तिनं मुळ्याच्या जाड चकत्या वाढल्या, सुरीऐवजी काडीनं तुटतील इतक्या मऊ, आणि म्हणाली की 'जिकान ओ काकेते' शिजवल्यात. वेळ लावून. मी घाईघाईनं म्हणाले, छे छे, उशीर कुठे झालाय. ती गोंधळली. तिच्या बोलण्यात माफी नव्हती, किंचित मिरवणं होतं. जपानीत वेळ लावणं म्हणजे जीव ओतणं. जाहिरातीतसुद्धा पदार्थाची थोरवी सांगताना 'तेमा हिमा काकेते' म्हणतात, कष्ट आणि वेळ लावून. मराठीत वेळ लावणारा माणूस शिव्या खातो. 'किती वेळ लावलास' ह्या वाक्याला माझ्या घरी कधीही कौतुकाचा सूर लागलेला नाही. उलट मी कारखान्यात तपासणीला उशीर झाल्याबद्दल 'जिकान ओ काकेमाशिता' असं मान खाली घालून सांगत होते, आणि हानचोंना वाटत होतं, ही बाई स्वतःच्या कामाची फार तारीफ करते. माफी मागायची तर काकारू हवं: वेळ लागला हो. लावला नाही, लागला. हा बारकावा आपल्याकडेही आहे की. दूध उतू गेल्यावर कोण म्हणतं 'मी घालवलं'?

काकेरूची चिन्हं कशी वेगळी लिहायची हे पुढच्या परीक्षेसाठी शिकले, त्यात फार दिवस गेले नाहीत. टांगायच्या काकेरूच्या चिन्हात डावीकडे हात असतो, पूल बांधायच्या काकेरूत खाली झाड, प्राण पणाला लावायच्या काकेरूत तळाशी हृदय. जुगारातल्या काकेरूत शिंपला असतो, कारण जुन्या चीनमध्ये शिंपल्यांचे पैसे चालत. आपली कवडीच ती. हे कवडीचं चिन्ह २०१० साली रोजच्या वापरातल्या २१३६ चिन्हांच्या सरकारी यादीत आलं. बोलताना ह्यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे माझा प्रश्न कवडीनंही सुटत नव्हता.

कुलपाचं म्हणाल तर ते पक्कं झालं असं मी धरून चालले होते. 'कागी ओ काकेरू', ह्यात कुठे शंका नव्हती. एके दिवशी जिन्यात आजीनं विचारलं, "कागी कात्ता?" कात्ता म्हणजे विकत घेतलं. मी म्हटलं, नाही, तुम्हीच दिलीत ना किल्ली, विकत कशाला घेऊ? तिनं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. असं तीनदा झालं. शेवटी ती वर आली आणि माझ्या दाराची मूठ हलवून बघितली. नागोयाकडच्या बोलीत कुलूप 'काकेरू' करत नाहीत, 'काउ' करतात, आणि त्याचं भूतकाळी रूप विकत घेण्यासारखंच ऐकू येतं. दार लावलंस का, एवढंच ती विचारत होती. दार उघडंच होतं.

जानेवारीत मला फ्लू झाला. रविवारी दुपारी अंग दुखायला लागलं, संध्याकाळी ताप ३९ वर गेला, फोन कुठेतरी गादीखाली सरकला आणि त्याची बॅटरी संपली. मी सोमवारी दुपारपर्यंत झोपून होते. दार वाजलं तेव्हा समोर आजी, हातात तापमापक आणि संत्री. "कागी, कात्तेनाई," ती आधी म्हणाली, कुलूप नाही लावलेलंस, आणि मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. तिनंच मला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकात काडी घालून तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "इन्फुरुएन्झा नि काकात्तेमासु ने." तापानं डोकं ठणकत होतं, तरी माझ्या मनात आलंच की हेही तेच. लागण झाली आहे.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला. आईचे चौदा कॉल. लावला तर पहिल्या रिंगलाच उचलला तिनं, आणि काही क्षण नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "जिवाला नुसता घोर लावलास गं."

कारखान्यातून पाच दिवस येऊ नकोस असा निरोप आला. त्या पाच दिवसांत बाकी काही सुचत नव्हतं तेव्हा मी वही उघडली. शेवटच्या पानावर काही वाक्यं अशी होती जी मी 'लावणे जमत नाही' म्हणून वेगळी काढली होती. 'मेइवाकु ओ काकेरू', दुसऱ्याला त्रास देणे. हे वाक्य रस्ता खोदलेल्या जागी पाटीवर असतं, आगगाडी दोन मिनिटं उशिरा आली की घोषणेत असतं. त्याच्याखाली 'शिम्पाई ओ काकेरू'. शिम्पाई म्हणजे काळजी. कुणावर तरी काळजी काकेरू करणं. त्याच्यापुढे मी आईचं वाक्य लिहिलं, घोर लावणे, आणि ते वाक्य वेगळ्या पानावरून काढून पहिल्या पानावर नेलं. त्रास मात्र आपण देतोच, लावत नाही. तो तिथेच राहू दिला.

शनिवारी कामावर गेले. हजेरीआधी हानचोंच्या टेबलाशी जाऊन, पाठ केलेलं नाही, खरंच म्हणायचं होतं म्हणून म्हणाले, "गो-शिम्पाई ओ ओकाके शिमाशिता." तुमच्या जिवाला घोर लावला. बोलताना आवाजाच्या चढ-उताराकडे लक्ष द्यायलाही विसरले नाही. हानचोंनी मान हलवली, समोरची खुर्ची पायानं जरा पुढे सरकवली आणि म्हणाले, "जा, काकेते." जपानीतलं 'जा' म्हणजे 'तर मग'.

मी अगदी समाधानानं, पाय खाली सोडून, बसले.

हानचो थोडा वेळ थांबले. मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलून माझ्यापुढे ठेवला आणि बाजूच्या चिठ्ठीवर बोट टेकवलं. माल पुरवणाऱ्या एका कंपनीचा नंबर होता, खाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं की ह्या आठवड्यात त्यांचा माझ्यासाठी तीनदा फोन आला.